पन्नास टक्क्यांची रेघ

(निलंगा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



निलंग्याच्या बाजारपेठेतील दुकानदाराला सोलापूरहून किंवा इचलकरंजीहून कापडाचे ठाण येते, तेव्हा सोबतच्या बिलावर कापडाच्या नावाशेजारी एक चार आकडी संख्या छापलेली असते. हलके सुती कापड असेल तर ५२०८. शाळेच्या गणवेशातील शर्टाचे टेरिकॉट असेल तर बहुधा ५५१३. गिऱ्हाईक तिच्याकडे पाहत नाही, दुकानदार ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतो, आणि ज्याने कापूस पिकवला त्याच्यापर्यंत ते बिल कधी पोहोचतच नाही. आजच्या वर्गाचा विषय ही संख्या आहे. विषय रुक्ष आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. परंतु रुक्ष म्हणून जे विषय कार्यकर्ते बाजूला ठेवतात, ते मुंबई-दिल्लीतील सल्लागार मोठ्या आवडीने हाती घेतात.

जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देणारी एक यादी ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते. तिचा करार १९८३ साली झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून ती अंमलात आली. भारताने आपले सीमाशुल्क-पत्रक १९८६ मध्येच त्या साच्यात बसवून घेतले होते. आयात-कर, निर्यातीच्या सवलती, देशातील वस्तू व सेवा कर, सारे काही आज या क्रमांकांच्या खुंट्यांवर टांगलेले आहे. या यादीचे ५२ वे प्रकरण कापसाचे. ५४ वे आणि ५५ वे मानवनिर्मित तंतूंचे. निव्वळ सुती कापडाविषयी फारसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो मिश्र कापडापाशी.

नियम वरवर पाहता सरळ आहे. वजनात ज्या तंतूचा वाटा सर्वांत मोठा, त्याच्या प्रकरणात कापड जाते. कापूस ८५ टक्के किंवा त्याहून अधिक आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत, तर ५२०८. त्याहून जड, तर ५२०९. कापूस ८५ टक्क्यांहून कमी, पण तरीही मुख्य, आणि भेसळ मानवनिर्मित तंतूची, तर अनुक्रमे ५२१० व ५२११. पॉलिस्टर मुख्य झाले आणि कापूस जोडीला राहिला की प्रकरणच बदलते. मग क्रमांक लागतात ५५१३ आणि ५५१४, आणि तेथे वजनाची रेघ २०० ग्रॅमवर नसून १७० ग्रॅमवर आहे. दोन्ही तंतू समसमान असले तर काय? यादीत ज्याचा क्रमांक शेवटी येतो त्याच्याकडे कापड जाते. म्हणजे निम्मा कापूस आणि निम्मे पॉलिस्टर असलेले कापड कायद्याच्या दृष्टीने कापसाचे नव्हे.

गणवेशाचे टेरिकॉट सामान्यतः ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के कापूस असे असते. कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा जे कापड अंगावर घालून शाळेत जातो, ते जगाच्या यादीत कृत्रिम तंतूचे कापड म्हणून नोंदलेले आहे. याबद्दल त्या मुलाच्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. टेरिकॉट लवकर वाळते, इस्त्री मागत नाही आणि दोन वर्षे टिकते. पाणीटंचाईच्या गावात हे गुण सुती कापडाच्या थोरवीवरील व्याख्यानापेक्षा मोठे आहेत.

याहून गमतीचा नियम तीन तंतूंच्या कापडाचा आहे. समजा, ४० टक्के कापूस, ३० टक्के पॉलिस्टर आणि ३० टक्के व्हिस्कोज. सर्वांत मोठा वाटा कापसाचा. पण उरलेले दोघे एकाच ५५ व्या प्रकरणातले, म्हणून त्यांची बेरीज आधी केली जाते आणि साठ विरुद्ध चाळीस असा कापसाचा पराभव होतो. आघाड्यांच्या राजकारणात मुरलेल्या मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही!

आता प्रश्न असा, की हा वाटा मोजतो कोण आणि कसा? न्हावाशेवा बंदरात परदेशी कापडाची पेटी उतरली आणि अधिकाऱ्याला संशय आला, तर नमुना प्रयोगशाळेत जातो. वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा अशा तपासण्या करतात. ही समिती १९६३ च्या कायद्याने स्थापन झाली. कापडाचा वाळवून तोललेला तुकडा तीव्र गंधकाम्लात ठेवतात. कापूस विरघळतो, पॉलिस्टर उरते. उरलेले धुऊन, वाळवून पुन्हा तोलले की हिशेब लागतो. मात्र त्यात एक मेख आहे. कापूस हवेतील ओल धरतो, पॉलिस्टर जवळपास धरीत नाही. म्हणून प्रचलित पद्धतीत कोरड्या कापसाच्या वजनावर ८.५ टक्के आणि पॉलिस्टरच्या वजनावर अवघी ०.४ टक्के ओल मंजूर धरतात. एखाद्या कापडात कोरड्या वजनाने कापूस ४८.५ आणि पॉलिस्टर ५१.५ भाग निघाले, तर ते पॉलिस्टरचे. तेच ओलीसह मोजले की कापूस ५२.६ आणि पॉलिस्टर ५१.७ होते, आणि कापड कापसाच्या घरात जाते. धाग्यात तसूभर फरक नाही. ओल धरायची की नाही, एवढ्यावर प्रकरण फिरते.

हीच ओल नांदेड-परभणीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला वेगळ्या रूपाने येते. कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रमाणात कपात, आणि १२ च्या पुढे कापूस परत. दिवाळीच्या सुमारास दव पडते, परतीचा पाऊस पडतो, घरात पसरायला जागा नसते, आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी जो कापूस केंद्रावरून परत फिरतो, तो बाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. प्रयोगशाळेत कापसाची ओल हा त्याचा हक्क मानतात. केंद्रावर तो त्याचा अपराध ठरतो. दोन्ही ठिकाणी काटा खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. नियम कोणाच्या गरजेने लिहिला गेला, एवढाच फरक आहे.

नियम गरजेने लिहिले जातात, हे सांगण्यासाठी तर्काची आवश्यकता नाही. इतिहास पुरेसा आहे. हिंदुस्थानात येणाऱ्या सुती मालावरील आयात-कर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना सलत होता. तो एकदम काढणे अडचणीचे होते, म्हणून आधी वर्गीकरण हाती घेतले गेले. १८७९ साली व्हाइसरॉय लिटन याने आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत बाजूला सारून ३० नंबरहून बारीक सूत नसलेले सर्व सुती कापड करमुक्त केले. परिणाम काय झाला? मँचेस्टरचा व्यापारी ३० नंबरच्या आतले कापड विणून पाठवू लागला. रेघ कोठे आहे हे कळताच माग तिच्या अलीकडे सरकतो. उरलेला कर मग हास्यास्पद दिसू लागला आणि १८८२ मध्ये तोही गेला.

पुढे सरकारी खजिन्याला पैसा हवा झाला, तेव्हा १८९४ च्या अखेरीस सुती मालावर ५ टक्के कर पुन्हा आला. पण लँकेशायरची मर्जी राखण्यासाठी हिंदी गिरण्यांच्या २० नंबरवरील सुतावरही ५ टक्के अबकारी लादली गेली. हिंदी गिरण्या बहुतेक जाडे सूत काढीत, त्यामुळे ही रेघ त्यांना फारशी जाचत नव्हती. लँकेशायरने पुन्हा ओरड केली. १८९६ मध्ये रेघच पुसली गेली: सूत करमुक्त, आणि आयात कापडावर साडेतीन टक्के तर हिंदी गिरणीच्या प्रत्येक कापडावरही साडेतीन टक्के. म्हणजे कुणब्याच्या जाड्याभरड्या धोतरावर कर बसला, तो मँचेस्टरच्या मलमलीला वाईट वाटू नये म्हणून. टिळकांच्या ‘केसरी’ने त्या वर्षी जे रान उठवले, त्याचे कारण एका वर्गीकरणात होते. ही अबकारी पूर्णपणे जाण्यास १९२६ साल उजाडावे लागले.

निलंगा त्या काळी निजामाच्या बीदर जिल्ह्यात होते. इंग्रजांचा आयात-कर येथे थेट लागू नव्हता, परंतु निजामाची करोडगिरी होती. सोलापूरकडून येणारे कापड राज्याच्या सीमेवर जकात भरून आत येई. सीमेवरचे नाके येथील जुन्या पिढीला परके नव्हते. म्हणून सीमाशुल्क ही बंदरावरच्या लोकांची गोष्ट आहे, असे निलंग्याने तरी समजू नये.

स्वातंत्र्यानंतर रेघ मारणारे हात बदलले. १९६१-६२ मध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या सुती मालावर कोटे बसवणारा करार करून घेतला. करार सुती मालापुरता होता. पूर्वेकडील कारखान्यांनी पॉलिस्टर आणि मिश्र कापड वाढवले आणि ते कोट्याच्या बाहेरून निघून गेले. मग १ जानेवारी १९७४ पासून बहुतंतू करार आला. लोकर आणि मानवनिर्मित तंतूही जाळ्यात आले. कारखानदारांनी पुन्हा फट शोधली. रॅमी नावाचे एक झुडपी रेशे देणारे पीक चीनमध्ये होते. निम्म्याहून थोडी अधिक रॅमी आणि उरलेला कापूस, अशा स्वेटरांचा १९८० नंतर अमेरिकेत पूर आला, कारण रॅमीवर कोटा नव्हता. ग्राहकाला रॅमी ठाऊक नव्हती, तिची आवड तर दूरच. १९८६ मध्ये कराराच्या नूतनीकरणात तिच्यावरही पडदा पडला. याच काळापर्यंत अमेरिका मिश्र कापडाचा निवाडा वजनाने न करता किमतीने करीत होती. ज्या तंतूची किंमत अधिक, त्याचे कापड. १९८९ पासून तेथे नवी यादी आली आणि वजनाचा काटा आला. तेच कापड, तोच माग, तोच विणकर. ३१ डिसेंबरला एका घरचे आणि १ जानेवारीला दुसऱ्या घरचे ठरू शकले.

बहुतंतू करारात भारताने एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली होती. कुटिरोद्योगातील हातमागाचे कापड कोट्यातून वगळलेले होते. पण मग ‘हातमाग’ कशास म्हणावे याचे दाखले आले, शिक्के आले, आणि सोलापूर-मालेगावच्या यंत्रमागावर बसलेला माणूस, जो कालपर्यंत हातमागावरच होता, त्या दाखल्याच्या बाहेर पडला. कोट्यांची ही सारी व्यवस्था २००४ च्या अखेरीस संपली. वर्गीकरण संपले नाही, कारण कर राहिला. अमेरिकेच्या मूळ करपत्रकात पुरुषांच्या विणीव सुती शर्टावर १९.७ टक्के कर आहे. तोच शर्ट मानवनिर्मित तंतूचा ठरला तर किलोमागे २९.१ सेंट आणि वर २५.९ टक्के. मिश्र कापडाच्या शर्टात पन्नास टक्क्यांची रेघ किती रुपयांची असते, याचा हिशेब यावरून प्रत्येकाने करावा.

भारतानेही आपल्या रेघा मारल्या आहेत. अनेक कापडांवर टक्केवारीचा कर किंवा दर चौरस मीटरला ठरावीक रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी तरतूद आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ३२८ वस्त्र-बाबींवरील कर दुप्पट करून २० टक्के केला गेला. देशातल्या देशात २०१७ पासून सुती सुतावर ५ टक्के आणि मानवनिर्मित सुतावर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता, तर दोन्हींच्या कापडावर ५. म्हणजे मिश्र सुताच्या गोणीत कापूस ४९ की ५१, यावर इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागधारकाचे भांडवल किती अडकून पडणार हे ठरत होते. ही विषमता २२ सप्टेंबर २०२५ पासून दूर झाली. आठ वर्षे ती ज्यांनी सोसली त्यांच्यातील कित्येकांचे माग त्याआधीच भंगारात गेले असतील.

येथवर कापडाचा विचार झाला. या साऱ्या डोलाऱ्याच्या तळाशी एक क्रमांक आहे: ५२०१, पिंजलेला नाही असा कापूस. कापडाला डझनांनी पोटविभाग आहेत, वजनाच्या रेघा आहेत, चौरस मीटरचे किमान कर आहेत. शेतकऱ्याच्या कापसाला एकच ओळ आहे, आणि ती ओळ सर्वांत हलक्या हाताने पुसली जाते. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर अधिभारासह एकूण ११ टक्के कर बसवण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये तो तात्पुरता उठवला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अतिलांब धाग्याच्या कापसापुरता उठवला गेला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा १९ ऑगस्टपासून सर्वच कापसावरील आयात-कर काढून टाकण्यात आला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आणि दहाच दिवसांत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत.

या तारखा नीट पाहा. मराठवाड्यात कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे होते आणि डिसेंबरअखेर बाजारात आवक शिगेला असते. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला होता. एका हाताने हमीभाव जाहीर करावयाचा आणि दुसऱ्या हाताने नेमक्या वेचणीच्या काळात दार उघडावयाचे, ही व्यवस्था कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हती. ती एका अधिसूचनेने झाली. अमेरिकेतील कराचा फटका तिरुपूरच्या निर्यातदाराला बसला हे खरे. त्याचा भार मात्र यवतमाळ-नांदेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे सरकवण्यात आला.

गिरणीवाल्यांची बाजू ऐकलीच पाहिजे. परदेशी कापूस स्वस्त आणि देशी महाग असला तर सूतगिरणीचे चाक थांबते, पाळी बंद होते आणि मजूर घरी बसतो. नांदेडची उस्मानशाही गिरणी, सोलापूरची नरसिंगगिरजी गिरणी यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, ते कामगाराच्या या भीतीला हसणार नाहीत. पण भीती कामगाराची आणि सवलत मालकाची, असे का व्हावे? कर माफ केल्यावर गिरणीने किती हात कामावर ठेवले, सुताचा भाव यंत्रमागधारकाला किती उतरवून दिला, याची कोणतीही अट त्या अधिसूचनेत नव्हती. समाजवादी कार्यकर्त्याने शेतकऱ्याची बाजू घ्यावी की विणकराची, हा प्रश्नच मुळात सल्लागारांनी घडवलेला आहे. दोघांच्या मधे जो बसला आहे, त्याच्याकडे बोट दाखवले की प्रश्नाचे रूप बदलते.

कोणी म्हणेल, निलंगा तालुक्यात कापूस आहे कोठे? येथील काळी जमीन आज बहुतांशी सोयाबीन आणि तुरीखाली आहे. हे खरे. पण सोयाबीनचीही हीच कथा आहे. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात-कर सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाला आणि ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, १० टक्क्यांवर आला. शेतकऱ्याने बियाणे घरात आणले होते. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामासाठी ५,३२८ रुपये होता. लातूरच्या मोंढ्यात तो मिळाला की नाही, हे येथे बसलेल्यांना विचारण्याची गरज नाही.

मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. कापसावरील आयात-कर ऑक्टोबर ते मार्च या काळात कमी करू नये. करावयाचाच झाला तर संसदेपुढे कारणासह यावा, रात्रीत निघालेल्या अधिसूचनेने नव्हे. कर माफीचा लाभ घेणाऱ्या गिरणीने कामगारांची संख्या आणि सुताचा भाव यांचा तपशील द्यावा. बंदरावर पकडल्या जाणाऱ्या कापडाच्या तपासणीचे निष्कर्ष, कोणत्या क्रमांकाखाली आणले आणि कोणत्याखाली ठरले, हे दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावे. खरेदी केंद्रावर ओलावा मोजणारे यंत्र शेतकऱ्यासमोर तपासले जावे आणि परत पाठवलेल्या प्रत्येक गाडीची लेखी पावती मिळावी. पहिल्या तिन्ही मागण्या दिल्लीच्या आहेत आणि त्यांना वेळ लागेल. चौथी मागणी तहसीलवर नेता येते.

आणखी एक गोष्ट येथेच होऊ शकते. शासनाने २०२४-२५ साली गणवेशाचे कापड राज्यपातळीवर एकत्र खरेदी करण्याचा घोळ घातला. २०२५-२६ पासून तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. समितीत पालक असतात, पालकांत आपले कार्यकर्ते असतात. कापसाचा वाटा अधिक असलेले गणवेशाचे कापड सोलापूर-इचलकरंजीच्या मागावर काय भावाने मिळते, याची चौकशी एका पत्राने होते. भाव परवडला नाही तर तसे सांगावे. सुती कापडाचा हट्ट गरिबाच्या खिशावर लादू नये.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येक शाखेने दोन कागद आणावयाचे आहेत. एक, आपल्या गावच्या शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे दुकानदाराकडील बिल, त्यावरील चार आकडी क्रमांकासह. दुसरा, नांदेड किंवा परभणीकडे ज्यांचे नातेवाईक कापूस पिकवतात त्यांच्याकडून, गेल्या हंगामातील खरेदी केंद्राची पावती, ओलाव्याच्या आकड्यासह. बिले न मिळाल्यास दुकानदाराचे नाव लिहू नये. क्रमांक, भाव आणि तारीख पुरेशी आहे.